पूजेत मांडलेले भुंगे

मंगल चौदा वर्षं रस्त्यावर उभी आहे. निपाणी मागं टाकून बेळगावच्या दिशेनं निघालं की घाट लागतो. त्या घाटातल्या एका वळणावर ती असते, एका हातात लाल झेंडा, दुसऱ्या हातात हिरवा. मोटारीतून जाणाऱ्यांना ती दोन सेकंद दिसते. त्या दोन सेकंदांत कुणी तिच्या तोंडाकडे बघत नाही, झेंड्याकडे बघतात, आणि बघावं तेच. पण म्हणून ती बाई म्हणजे झेंडा लावलेला खांब, असं समजायचं काही कारण नाही.

तिला स्वप्नं पडतात, तीही जागेपणी. दिवसभर एका जागी उभं राहायचं आणि समोरून सगळं जग वाहत जाताना बघायचं, म्हणजे दुसरं होणार तरी काय? सकाळी घाटात धुकं उतरलेलं असतं. धुक्यातून आधी आवाज येतो, मग दिवे येतात, मग गाडी. कधीकधी आवाज येतो, दिवेही येतात आणि गाडी येतच नाही. ती वळणाच्या आत कुठंतरी साखरेसारखी विरघळली असं मंगलला वाटतं. खरं म्हणजे ती खालच्या फाट्याला वळलेली असते, हे तिलाही ठाऊक आहे. ठाऊक असूनही तिला विरघळलेलीच गाडी जास्त आवडते.

ती स्वतः कोल्हापूरच्या पुढं कधी गेलेली नाही. पण तिच्या समोरून रोज बंगळूर जातं, पुणे जातं, केरळातला नारळाचा ट्रक जातो. गाडीच्या आवाजावरून तिला भरलेली आहे की रिकामी हे कळतं. भरलेली गाडी तिच्या टाचेतून वर येते आणि रिकामी कानातून आत शिरते. रस्त्याच्या कामाच्या साइटवरची माणसं हे ऐकून हसतात. हसू देत. चौदा वर्षांत तिच्या वळणावर एकाही माणसाला गाडी लागलेली नाही, हे मात्र हसणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवावं.

आणि त्या वळणावर राबणाऱ्या माणसांत तिचा नवरा आहे.

रवळू रस्ता फोडायच्या ब्रेकरवर नऊ वर्षं होता. कंप्रेसरला जोडलेलं ते यंत्र दोन्ही हातांनी धरायचं आणि डांबरात घुसवायचं. दात हलतात, डोळ्यांपुढचं जग थरथरतं, आणि कान हळूहळू जातात. कानात घालायला बोळे मिळायचे, पण घाम आला की ते खाली पडायचे आणि पडलेले कोण शोधत बसतो? रवळूचे कान एकदम गेले नाहीत. आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी. मग दारावरची थाप. शेवटी एका सकाळी मंगल भाकरी थापता थापता काहीतरी सांगत होती आणि तो तिच्याकडे बघून नुसता हसत राहिला, तेव्हा तिला कळलं की आता आपणही गेलो.

"ऐकू आलं न्हाई व्हय?" तिनं हातानं विचारलं.

"तुझा आवाज सपनात येतोय की गं मला," तो ओरडून म्हणाला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. "सपनात तू लई बोलतीस. हितल्यापेक्षा जास्तच!"

शेजारच्या चार खोल्यांतली माणसं हसली. मंगलनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि आत जाऊन डोळे पुसले.

त्या दिवसापासून ती त्याचे कान झाली. रवळू रस्त्याकडे पाठ करून काम करणार. काम तसंच असतं, चर खणायचा, सळ्या बांधायच्या, तोंड खाली आणि पाठ रस्त्याला. मागून येणारी गाडी त्याला कधीच ऐकू येणार नव्हती. म्हणून ती गाडी मंगलनं ऐकायची, झेंडा घालायचा, तरीही एखादा थांबेना तर पळत जाऊन नवऱ्याला बाजूला ओढायचं. असं तीनदा झालं होतं. तिसऱ्या वेळेला साइटचा डॉक्टर म्हणाला, या माणसाला रस्त्यावर ठेवू नका, हा एक दिवस मरेल. डॉक्टर खोटं बोलत नव्हता. पण गोदामात बसून पोती मोजायला सांगितल्यावर रवळू पंधरा दिवसांत वाळून गेला. जेवेना, बोलेना. हातानं रस्ता करायची सवय लागलेला माणूस तो, सावलीत बसून उन्हाकडे बघत बसायचा.

भुंगा आला तो त्याच सुमारास.

भुंगा हे नाव साइटवरच्या माणसांनी दिलं. खरी गोष्ट म्हणजे साबणाच्या वडीएवढी एक नारिंगी डबी होती ती. बेळगावच्या एका कॉलेजातली मंडळी तीन महिन्यांसाठी प्रयोग करून बघणार होती आणि त्यांची प्रमुख होती शाल्मली नावाची एक तरुण इंजिनिअर. बेळगावच्याच शहापूर भागातल्या गल्लीत वाढलेली, घरात सगळे मास्तर आणि वकील, ही एकटी हातात पाना घेऊन हिंडणारी. तिनं सगळ्यांना झाडाखाली बसवलं आणि सांगितलं. ही डबी जॅकेटच्या मागच्या खिशात बसते. आपण कुठं आहोत हे ती उपग्रहाकडून समजून घेते आणि रस्त्याकडेच्या खांबावर बसवलेल्या यंत्राला कळवते. यंत्र पुढच्या मोठ्या बोर्डाला कळवतं, मग बोर्डावर फावडं घेतलेल्या माणसाचं पिवळं चित्र पेटतं. शिवाय ज्या बसगाड्यांत आणि ट्रकांत तसा पडदा बसवलाय, त्यांच्या ड्रायव्हरला अर्धा किलोमीटर आधी ठिपका दिसतो, की इथं माणूस आहे.

"आणि गाडी न थांबता जोरात आली तर?" मंगलनं विचारलं. बाकीचे डबीच्या रंगाबद्दल बोलत होते. हिनं नेमकं विचारायचं तेच विचारलं.

"तर खांबावरचं यंत्र तिचा वेग ओळखतं आणि डबी थरथरते," शाल्मली म्हणाली. "पाठीवर. गाडी हळू येत असेल तर एकदाच. जोरात येत असेल तर थांबतच नाही."

मंगलनं डबी हातात घेतली. नवऱ्याच्या पाठीवर ठेवली. शाल्मलीनं लॅपटॉपवरून खोटी गाडी पाठवली आणि डबी गुणगुणली. रवळू दचकून वळला. मग त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते बघून शाल्मली पुढचं सांगायचं विसरली.

"आलं की गं!" तो ओरडला. "पाठीला ऐकू आलं!"

दुसऱ्या दिवशी रवळू पुन्हा रस्त्यावर होता. डॉक्टरनं अट घातली, डबी पाठीवर असेल तरच, एरवी पाय टाकायचा नाही. रवळूनं अट मान्य केली. त्यानं काहीही मान्य केलं असतं.

मंगलला सुरुवातीला भुंग्याचा थोडा राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही. इतकी वर्षं ती ज्याचे कान होती, त्याला आता साबणाची वडी पुरेशी होती. पण राग फार दिवस टिकला नाही, कारण तिच्याही पाठीवर एक भुंगा होता आणि त्या भुंग्यानं तिला नवीनच नाद लावला. धुक्यात उभी असताना तिला वाटायचं, आपण इथं वळणावर आहोत खऱ्या, पण अर्धा किलोमीटर अलीकडं येणाऱ्या बसमध्येही आहोत. ड्रायव्हरच्या शेजारी, छोट्या ठिपक्याएवढ्या होऊन बसलोय. बसमध्ये कुणी झोपलंय, कुणी वेफर्स खातंय, बाळ रडतंय, आणि आपण त्या सगळ्यांच्या मधे चार श्वास बसून पुन्हा रस्त्यावर उतरतोय. मग दुसरी गाडी. मग तिसरी. कोल्हापूरच्या पुढं न गेलेली बाई दिवसाला हजार गाड्यांत चढून उतरत होती. संध्याकाळी पाय दुखायचे तेव्हा ती रवळूला खुणेनं सांगायची, आज लई फिरले.

खंडेनवमी आली तेव्हा प्रयोगाला दोन महिने झाले होते.

या भागात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. सुताराची करवत, शेतकऱ्याचा नांगर, ड्रायव्हरची गाडी, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, केळीचे खुंट. आणि एकदा पूजेत मांडलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूला एक दिवस विसावा. साइटला सुट्टी होती. वळणाच्या खाली सव्वा किलोमीटरवर, रस्त्याला अगदी लागून मरगूबाईचं छोटं देऊळ आहे. तिथं मुकादम परशराम यानं सगळी मांडामांड केली होती. साठीचा माणूस, शिस्तीचा, देवाधर्माच्या बाबतीत तर मिलिटरीच. फावडी, टिकाव, घमेली, पाने, ब्रेकर, दोऱ्या, ओळंबे, सगळं ओळीनं. आणि शेवटी बारा भुंगे.

का नाही मांडणार? जे हत्यार माणसाचा जीव राखतं, ते पूजेत नाही तर कोणतं असावं? परशरामनं पहाटेच सगळ्यांच्या जॅकेटांतून डब्या काढून आणल्या होत्या. प्रत्येकीवर हळदीचं बोट, प्रत्येकीवर झेंडूचं एक फूल. हिरवा दिवा लुकलुकत होता तो त्यानं तसाच ठेवला. बंद करायची कळ त्याला माहीत होती. पण पूजेत दिवा मालवतं का कुणी?

"जित्तं असूदे," तो म्हणाला. "देवीपुढं मेलेलं हत्यार ठेवायचं न्हाई."

मंगल देवळाच्या पायरीवर नैवेद्याच्या पुरणपोळ्या झाकत होती. रवळू आणि साइटवरचा भरमू पहाटेच घाटाच्या वर एका मळ्यात केळीचे खुंट आणायला गेले होते, भरमूच्या लूनावर. ऊन अजून कोवळं होतं. धुकं शेतांवरून उठून देवळाच्या कळसाशी अडकलं होतं. आणि तेवढ्यात ते सुरू झालं.

निपाणीकडून भरधाव आलेली एक बस देवळासमोर मंदावली. अगदी माणसाच्या चालीनं पुढं गेली. तिच्या मागून ट्रक आला, तोही मंदावला. मग मोटारी, टेम्पो, दुधाची गाडी. जी गाडी येई ती देवळाजवळ वेग टाकी, पाण्यात शिरल्यासारखी हळूहळू सरके, आणि देऊळ मागं पडलं की पुन्हा सुसाट सुटे. आतली माणसं खिडकीतून डोकावून बघत. देवी दिसली की कुणी हात जोडत.

परशरामची आई मनुबाई, ऐंशी पार केलेली, पायरीवर काठी टेकून बसली होती. तिनं कपाळाला हात लावला.

"आगं बया! नमस्कार करायला थांबायल्यात की गं सगळ्या! माझ्या जन्मात असं बघितलं न्हाई!"

"देवीचं सत् हाय आई," परशराम म्हणाला.

आणि ओळीत मांडलेले भुंगे गुणगुणत होते. एखादी गाडी जोरात आली की बाराच्या बारा डब्या थरथरत, वरची फुलं हलत, आणि दगडी देवळात असा काही नाद भरे की बायका टाळ्या वाजवायच्या थांबून ऐकत राहत. मंगलही ऐकत राहिली. त्या क्षणी तिला खरोखर वाटलं की आपण धुक्याच्या आत, एखाद्या मोठ्या पोळ्याच्या मधोमध बसलो आहोत आणि बाहेरचं सगळं जग मधासारखं सावकाश वाहतंय. असं सुख तिला वर्षात मिळालं नव्हतं. ती तशीच बसून राहिली असती.

भरमूची लूना आली. मागं केळीचे खुंट बांधलेले. रवळू नव्हता.

"रवळू कुठाय रं?" मंगलनं विचारलं.

"वळणावर. त्या डायव्हर्जनच्या तोंडाला गटारीच्या चेंबरचा स्लॅब फुटलाय रात्रीत, हे एवढं भगदाड! म्हटला, कुणाची तरी मोटरसायकल जाईल आत. उतरलाय खड्ड्यात, आतल्या सळ्या सरळ करायलाय. मला पत्रा आणाय पाठवलंय."

"आणि पाठीवर?"

"पाठीवर काय? बनियन हाय." भरमूला प्रश्नच कळला नाही. "दोन प्लास्टिकचे कोन हुभे केलेत की मागं."

मंगलनं भुंग्यांच्या ओळीकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. देवळाजवळचा बोर्ड पेटलेला होता, त्यावर फावडं घेतलेला पिवळा माणूस. मग तिनं वर घाटाकडे पाहिलं. वळणावरचा बोर्ड इथून दिसतो, पोस्टाच्या तिकिटाएवढा. तो काळा होता.

गाड्या देवीसाठी थांबत नव्हत्या. गाड्या बारा माणसांसाठी थांबत होत्या, आणि ती बारा माणसं इथं नव्हतीच. ड्रायव्हर वेग कमी करत, इकडंतिकडं बघत, रस्त्यावर कुणी दिसत नसे, मग चिडून दुप्पट वेगानं पुढं जात. पुढं म्हणजे वळणाकडे. तिथं डायव्हर्जनमुळे दोन्हीकडच्या गाड्या एकाच पट्ट्यावरून जातात, तिथं तिचा नवरा कमरेएवढ्या खड्ड्यात, रस्त्याकडे पाठ करून, आणि त्याचा इशारा इथं दगडाच्या देवीला ऐकू जात होता.

ती उठली, तीनच पावलांत ओळीपाशी पोचली. रवळूच्या डबीवर तिनंच दाभणानं एक खूण कोरली होती. ती डबी तिनं उचलली. फूल खाली पडलं.

"अगं, अगं!" परशराम किंचाळलाच. "मांडलेलं हत्यार उचलतीस? उद्या पूजा झाल्याबगर हात लावायचा न्हाई! येड लागलं काय?"

"आण्णा, रवळू रस्त्यावर हाय."

"मग फोन कर की!"

"बहिऱ्याला?"

मंगलनं थांबून समजावत बसायला हवं होतं कदाचित, पण वेळ कुणाला होता? "गाड्या देवीला थांबत न्हाईत, या डब्यांना थांबायल्यात. हितं खोटं माणूस दाखवायल्यात आणि तिथं खरा माणूस दिसत न्हाई. बाकीच्या अकरा बंद करा आधी, मग काय ते बोला."

"पूजेत मालवायचं..." परशराम पुटपुटला.

"मालव रं, मेल्या!" मनुबाईनं काठी पायरीवर आपटली. "देवीला उजेड हाय तिचा तिचा!"

आईनं साठ वर्षांच्या मुलाला मेल्या म्हटलं की साठ वर्षं गळून पडतात. परशरामनं भराभरा कळा दाबल्या. अकरा हिरवे दिवे विझले, नाद थांबला, आणि देवळात एकदम इतकी शांतता झाली की खालच्या शेतातला बैल मान हलवताना ऐकू आला. लूनाचं पेट्रोल संपत आलं होतं, चढ तिला जमला नसता. देवळासमोर परशरामची स्वतःची मोटरसायकल होती. नुकतीच पुजलेली, हँडलला घरच्या केळीचे खुंट, दिव्याला गंध, चाकाखाली लिंबं.

त्यानं गाडीकडे बघितलं, मंगलकडे बघितलं, आणि चप्पल न घालताच किक मारली. लिंबं चिरडली.

मंगलला तो सव्वा किलोमीटर किती लांब वाटला हे विचारू नये. मागं बसून तिनं डबी छातीशी धरली होती आणि एका हातानं केळीचा खुंट डोळ्यांपुढून बाजूला सारत होती. धुकं अंगावरून जात होतं. तिला वाटलं, गाडी पुढं जातच नाही, घाटच सावकाश खाली उतरतोय. तिला रवळूची पाठ दिसत होती, म्हणजे अजून दिसत नव्हती पण दिसत होती. बनियनला खांद्याजवळ भोक, मानेवर घामानं चिकटलेली माती. तिच्या टाचेतून काहीतरी वर येत होतं. भरलेली गाडी. मागून. जवळ.

तिनं वळून पाहिलं. साखरेची पोती भरलेला ट्रक होता.

डबी थरथरायला लागली. एकदाच नाही. थांबेचना.

"आण्णा, मधनं चालवा," ती परशरामच्या कानात ओरडली. "कडेला घेऊ नका, त्यो पुढं सुटंल. मधनं!"

"चिरडतोय की आपल्याला!"

"मधनं!"

परशरामनं गाडी पट्ट्याच्या मध्यावर घेतली. मंगलनं एका हातानं डबी उंच धरली, हिरवा दिवा मागं करून. झेंडा नव्हता. झेंडे पूजेत होते. समोर वळणावरचा काळा बोर्ड एकदम पेटला, पिवळा माणूस फावडं घेऊन उभा राहिला. आणि डबी थरथरायची हळूहळू कमी झाली, तापलेल्या माणसाचा श्वास उतरत जावा तशी. मग एकदाच थरथरली. मग गप्प.

ट्रक त्यांच्या मागं चालीनं येत होता. ट्रकच्या मागं बस, बसच्या मागं मोटारी. केळीचे खुंट बांधलेली एक मोटरसायकल आणि तिच्या मागं मैलभर गाड्या, धुक्यात दिवे लावून, कुणीही हॉर्न न वाजवता. त्या दिवशी हॉर्न का वाजले नाहीत हे मंगलला अजून कळलेलं नाही.

वळण आलं. दोन कोनांपैकी एक आडवा पडला होता, कुणाच्या तरी चाकानं. त्याच्या पलीकडे दोन हातांवर खड्डा, आणि खड्ड्यातून वर आलेली पाठ. सळी वाकवताना पाठीचे स्नायू हलत होते. रवळू आपल्याच तंद्रीत होता.

मोटरसायकल थांबली. ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, पन्नाशीचा, गळ्यात टॉवेल. संकेश्वरचा आण्णाप्पा म्हणून, मंगल त्याला ट्रकवरून ओळखत होती, तोंडानं आज पहिल्यांदा बघत होती. त्यानं खड्ड्याकडे पाहिलं, पडलेल्या कोनाकडे पाहिलं आणि तिथंच रस्त्यावर उकिडवा बसला.

"पडद्यानं दोनदा सांगितलं आक्का," तो म्हणाला. "अर्धा किलोमीटर आधी देवळापाशी बारा ठिपके दाखवले, मी हळू केलो, जवळ आलो तर ठिपकेबी गेले आणि एक माणूस न्हाई. मनात शिव्या घातल्या. परत हितं एक दाखवला. म्हटलं, हेबी खोटंच असणार. रेसवरचा पाय काढणारच न्हवतो."

"मग?"

"हलत होता की तो. देवळापाशीचे बारा गप्प बसलेले. ह्यो पळत होता माझ्यापुढं." त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "खोटा माणूस पळत न्हाई."

परशरामनं पडलेला कोन उचलून सरळ केला, मग तो पुसला, मग पुन्हा पुसला. अनवाणी पायाला खडी टोचत होती, त्याचंही त्याला भान नव्हतं. शेवटी तो ट्रकपासून पुढं गेला आणि दोन्ही हात पसरून येणाऱ्या गाड्या एकेक करून सोडायला लागला. चौदा वर्षं मंगलनं केलेलं काम तो पहिल्यांदा करत होता, आणि बरं करत नव्हता. पण करत होता.

मंगल खड्ड्याच्या काठावर बसली आणि पाय आत सोडले. पाय दिसले तेव्हा रवळूनं वर बघितलं. बायको, हातभर हळद, केसांत केळीच्या पानाचा तुकडा. मागं थांबलेला ट्रक. त्याच्याही मागं दिव्यांची रांग, धुक्यात शिरत गेलेली.

"पूजा झाली व्हय?" तो ओरडला. "एवढी माणसं कशाला आणलीस? एक पत्रा मागिटला होता!"

मंगल हसायला लागली. हसता हसता तिला श्वास पुरेना. रवळूला काही समजेना, पण ती हसतेय म्हणजे ठीक आहे असं धरून तो पुन्हा सळीकडे वळला. काय झालं ते त्याला नंतर सांगू, सावकाश, खुणांनी, दोन दिवस लागले तरी चालतील.

तिचा फोन वाजला. शाल्मली होती, शहापुरातून. मागं घरातल्या पूजेची घंटा ऐकू येत होती.

"मंगलाक्का, माझ्या फोनवर काय काय येतंय! सकाळी बारा माणसं देवळाजवळ रस्त्यात उभी होती, दोन तास. मग अकरा नाहीशी झाली. काय झालंय? डब्या बिघडल्या का?"

"डब्या चांगल्या हायत मॅडम. आम्ही बिघडलो." आणि मंगलनं सगळं सांगितलं. पूजा, फुलं, हात जोडणारी माणसं, दगडाच्या देवीला गेलेले इशारे. काही लपवलं नाही, परशरामचं नावही सांगितलं आणि आपण पोळ्या झाकत कशी ऐकत बसलो होतो तेही.

शाल्मली आधी हसली. मग तिचं हसू थांबलं.

"चूक माझी आहे आक्का," ती म्हणाली. "मी सगळं सांगितलं, पण खंडेनवमीचं सांगितलं नाही. आमच्याही घरात लॅपटॉप पूजेत ठेवलाय की! माझ्या डोक्यात कसं आलं नाही?"

"येत न्हाई. घरातलं कुणाच्या डोक्यात येतंय?"

"अहवालात लिहावं लागेल मला हे. कदाचित ते म्हणतील, डब्या भरवशाच्या नाहीत, काढून घ्या."

मंगलनं पायाशी वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. काढून घेतल्या तर रवळू पुन्हा गोदामात जाणार, सावलीत बसून उन्हाकडे बघणार. पण लिहू नका असं म्हणणं तिच्या जिभेवर आलं नाही. "लिवा," ती म्हणाली. "पण आण्णाप्पाचं बी लिवा. तो हितंच बसलाय. त्याला विचारा, कशामुळं थांबला ते. आणि हे बी लिवा, पुढच्या वर्षी पूजा आम्ही माणसाच्या पाठीवरच करणार. डबी खिशातनं काढणार न्हाई. फूल पाठीवर लावायचं."

"रवळूअण्णा कुठं आहेत आता?"

"माझ्या पायाशी. सळ्या वाकवायल्यात."

"पण मला वळणावर एकच ठिपका दिसतोय."

"दोघं हाव मॅडम," मंगल म्हणाली. "डबी एक हाय."

तिनं फोन ठेवला. जॅकेट देवळात होतं, म्हणून तिनं मोटरसायकलच्या हँडलवरचा केळीच्या सालीचा बंध सोडला, वाकून डबी नवऱ्याच्या पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधे ठेवली आणि बंध छातीभोवती घेऊन गाठ मारली. रवळूनं वळून बघितलं नाही, नुसता थोडा सरळ झाला. आण्णाप्पा उठून ट्रकमध्ये चढला, परशरामनं ट्रक सोडला. पोत्यांनी भरलेला तो ट्रक चालीनं खड्ड्याच्या कडेनं गेला, पाठीवरची डबी एकदाच थरथरली, आणि रवळूनं काम न थांबवता डावा हात वर केला. जा.